शोधायची सोय: ऑप्शन किती आणि कोणते?

(या भागाची लेखी प्रत. कमांड जशा बोलल्या गेल्या तशाच इथे लिहिल्या आहेत. 'हायफन आय' असं दिसलं की आडवी रेघ आणि इंग्रजी आय हे अक्षर समजा.)

कानात हेडफोन, हातात फोन, बहुतेक लोकलमध्ये नाहीतर एसटीत. आजचा विषय त्याच फोनवरचा आहे, जरी नाव ऐकून लॅपटॉपवाल्यांचा वाटला तरी. कमांड लाईनवर चालणारं एखादं छोटं टूल आपण लिहितोय, त्यात शोधायची सोय द्यायची आहे. तर ऑप्शन कोणते द्यायचे, किती द्यायचे, आणि कोणते द्यायचेच नाहीत?

नवीन मंडळींसाठी दोन वाक्यं. कमांड लाईन म्हणजे बटणं न दाबता ओळ टाईप करून कॉम्प्युटरला काम सांगायचं. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप टाकलं की तुमच्या फोनवरही ती काळी खिडकी उघडते, आणि तिथे ग्रेप, फाइंड वगैरे सगळी जुनी मंडळी हजर असतात. ऑप्शन म्हणजे कमांडच्या पुढे दिलेली जादाची सूचना. ग्रेपला हायफन आय सांगितलं तर ती कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाही. हायफन एन सांगितलं तर ओळीचा नंबर दाखवते. इतकंच.

आता ग्रेपचं नाव घेतलंच आहे तर तिची जन्मकथा सांगतो, कारण तीत आजचा अर्धा विषय आहे. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर ईडी नावाचा एडिटर होता. त्यात फाईलभर एखादा पॅटर्न शोधून त्या ओळी छापायच्या असतील तर जी, मग दोन तिरप्या रेघांमध्ये तुमचा पॅटर्न, मग पी, असं लिहायचे. जी म्हणजे ग्लोबल, मधलं आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, पी म्हणजे प्रिंट. जोडून वाचा: ग्रेप. केन थॉम्पसन यांनी हे ईडीमधून बाहेर काढून वेगळं टूल केलं, आणि १९७३ च्या चौथ्या युनिक्स आवृत्तीत ते सगळ्यांच्या हाती आलं. म्हणजे सुरुवातीला प्रश्न एकच होता: ही अक्षरं कुठल्या ओळीत आहेत?

आजच्या ग्नू ग्रेपमध्ये चाळीसहून जास्त ऑप्शन आहेत. पन्नास वर्षं लोक प्रश्न घेऊन आले, आणि बऱ्याच प्रश्नांना एकेक ऑप्शन मिळाला. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण तुम्ही नवीन टूल लिहायला बसता तेव्हा ग्रेपचा शेवट तुमची सुरुवात असू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

मी सध्या एक टूल लिहितोय, माझ्या मावसबहिणीसाठी. ती राज्यसेवेची तयारी करते, पुण्यात खोली घेऊन राहते. लॅपटॉप नाही. सगळ्या नोट्स फोनवर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिते, आणि त्या आता चारशेच्या वर गेल्यात. एके दिवशी तिचा फोन आला: "दादा, महान्यायवादीवरची माझी नोट उडाली." कलम ७६, भारताचा महान्यायवादी. तिने नोट्सच्या ॲपमध्ये शोधलं, काही नाही. टर्मक्समध्ये ग्रेपने शोधलं, काही नाही. मग बिचारी तोच टॉपिक पुन्हा लिहायला बसली. दोन संध्याकाळी गेल्या. पूर्वपरीक्षेला किती दिवस उरले होते ते तुम्ही विचारू नका.

नोट उडाली नव्हती. तिने शोधताना "कलम ७६" देवनागरी आकड्यांत लिहिलं, आणि नोट लिहिताना कीबोर्ड वेगळा असल्यामुळे शहात्तर इंग्रजी आकड्यांत पडलं होतं. माणसासाठी दोन्ही शहात्तर. कॉम्प्युटरसाठी त्या चार वेगवेगळ्या खुणा, एकमेकींशी काही नातं नसलेल्या.

सर्च टूलचं सगळ्यात महागडं उत्तर "काही सापडलं नाही" हे असतं. जास्त सापडलं तर माणूस वैतागतो, पण चाळून घेतो. शून्य सापडलं तर तो निष्कर्ष काढतो. वस्तू नाहीच असं समजतो, आणि त्यावर पुढचे निर्णय घेतो. म्हणून ऑप्शन ठरवताना मी प्रत्येक वेळी हेच विचारत गेलो, की हा ऑप्शन द्यायला ती विसरली तर तिला खोटं शून्य दिसेल का?

कोड लिहिण्याआधी तिला एकच काम दिलं. आठवडाभर, जेव्हा जेव्हा काही शोधावंसं वाटेल, तेव्हा जो प्रश्न मनात येतो तो जसाच्या तसा मला व्हॉट्सॲपवर टाक. कमांड नको, प्रश्न. तर असे प्रश्न आले: "कलम १९(१)(क) कुठल्या नोटमध्ये आहे?" "पाणी तंटा कुठे लिहिलाय?" "ॲक्ट सगळे कुठे कुठे आलेत?" "नियुक्ती लिहिलं होतं की नेमणूक, आठवत नाही." "गेल्या आठवड्यात लिहिलेलं तेवढंच दाखव." बघा, एकाही प्रश्नात रेग्युलर एक्स्प्रेशन नाही. कॅपिटल-स्मॉल नाही. आपण प्रोग्रामर मंडळी टूल लिहायला बसलो की आधी हेच दोन ऑप्शन टाकतो.

पहिलाच प्रश्न घ्या, कलम १९(१)(क). म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य. रिपग्रेपसारख्या आजच्या टूलला हे असंच दिलं तर काय होतं? रिपग्रेप पॅटर्नला रेग्युलर एक्स्प्रेशन समजतं, आणि तिथे कंस म्हणजे गट करायची खूण. म्हणजे कंस गळून पडतात आणि ते शोधायला जातं "१९१क". असलं काही राज्यघटनेतही नाही आणि तिच्या नोट्समध्येही नाही. शून्य! गंमत म्हणजे साध्या ग्रेपमध्ये, हायफन कॅपिटल ई न देता, कंस हे कंसच राहतात आणि शोध बरोबर लागतो. म्हणजे तोच शोध, दोन टूल, दोन उत्तरं. दोघांकडेही हायफन कॅपिटल एफ आहे, "जे लिहिलंय ते तसंच शोध" म्हणणारा. पण तो लक्षात ठेवून द्यावा लागतो, आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच तो माहीत नसतो.

म्हणून माझा निर्णय: न सांगता मिळणारं वागणं म्हणजे साधी अक्षरं. कंस म्हणजे कंस, टिंब म्हणजे टिंब. ज्याला पॅटर्न हवा त्याने ऑप्शन द्यावा. ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन येतं त्याला एक ऑप्शन शोधून काढणं जड नाही. उलटं मात्र अवघड आहे.

दुसरा प्रश्न, पाणी तंटा. इथे दोन गोष्टी एकदम आहेत. एक, शब्द दोन आहेत. ग्रेपला "पाणी तंटा" अवतरण चिन्हांशिवाय दिलं तर ती पाणी हा शब्द 'तंटा' नावाच्या फाईलमध्ये शोधायला जाते आणि अशी फाईल नाही म्हणून तक्रार करते. कारण तिच्या नियमात पहिला शब्द पॅटर्न, पुढचे सगळे फाईलचे पत्ते. फाइंडमध्ये नेमकं उलटं, आधी जागा सांगायची, मग अट. फाइंड, टिंब, हायफन नेम, आणि मग नाव. आणि तेही नाव पूर्ण जुळलं पाहिजे, नाहीतर पुढे-मागे चांदण्या लावा, आणि चांदण्यांना अवतरणात घाला. २०१७ मध्ये आलेल्या एफडी या टूलने हे सरळ केलं: आधी काय शोधायचं ते, जागा नंतर, तीही दिली तर. नावाचा तुकडा जुळला तरी चालतो. मला एफडीचा हा निर्णय फार आवडतो. माणूस आधी "काय" विचारतो, "कुठे" नंतर.

पण फोनवर वाढलेल्या माणसाला आणखी एक सवय आहे. सर्चच्या चौकटीत दोन शब्द लिहिले म्हणजे दोन्ही शब्द असलेलं काहीतरी दाखव, क्रम कुठलाही असो. ही सवय मोडायला मला काही कारण दिसलं नाही. म्हणून आमच्या टूलमध्ये कमांडपुढचे सगळे शब्द हे शोधायचेच शब्द. एका नोटमध्ये ते सगळे हवेत. मग जागा कुठे सांगायची? तिच्यासाठी वेगळा ऑप्शन. आणि तो रोज लागू नये म्हणून नोट्सचं फोल्डर एकदाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवलं. सौदा आहे हा, फुकट नाही मिळालेलं. ग्रेपची सवय असलेला कुणी आला तर शेवटी फोल्डरचं नाव लिहील आणि चक्रावेल. मी मोजलं, असं वागणारा माणूस या टूलच्या वाऱ्यालाही येणार नाही. तुमच्या टूलचे लोक वेगळे असतील तर तुमचा निर्णय वेगळा असेल.

दुसरी गोष्ट जास्त मराठी आहे. नोटमध्ये तिने लिहिलं होतं, "पाण्याचे तंटे". कलम २६२, आंतरराज्य नद्यांबद्दलचं. आता पाणी हा शब्द "पाण्याचे" मध्ये आहे का? आजीला विचारा, आहे. कॉम्प्युटरला विचारा, नाही. पाणी म्हणजे प, काना, ण, दीर्घ वेलांटी. पाण्याचे मध्ये ण नंतर वेलांटी नाहीच, हलन्त आणि य आहे. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं. इंग्रजी टूलमध्ये हा प्रश्न इतका टोकाला जात नाही, म्हणून त्यांच्या ऑप्शनच्या यादीत याला उत्तर नाही.

यावर भारी उपाय आहेत. शब्दाचं मूळ रूप ओळखणारा प्रोग्राम लिहिता येतो. मी तो नाही लिहिला. तो कधी बरोबर ओळखतो, कधी नाही, आणि का नाही ओळखलं हे वापरणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी शब्दाचा तुकडा जुळला की पुरे, असं ठेवलं, आणि बहिणीला सांगितलं, शेपूट तोडून लिही. "पाण तंट" लिही. तुकडा म्हणून "पाण" हे पाणी, पाण्याचे, पाणीवाटप, सगळ्यांत बसतं. हां, "पाणबुडी" पण येईल. येऊ दे. तिने दोन दिवसांत सवय लावून घेतली, टाईपही कमी करावं लागतं.

इथून "अख्खा शब्द" या ऑप्शनकडे येऊ, ग्रेपमधला हायफन डब्ल्यू. मी तो दिलाच नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. पायथॉनमध्ये जे री नावाचं मॉड्यूल बरोबर येतं, त्यात 'शब्दाचं अक्षर' या व्याख्येत मराठीचे काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त बसत नाहीत. अक्षर आणि आकडे फक्त. मग शब्दाची हद्द कुठे? जिथे शब्दाचं अक्षर संपून दुसरं काही सुरू होतं तिथे. "पाणी" च्या शेवटी वेलांटी, तिच्यापुढे स्पेस. री मॉड्यूलच्या मते वेलांटीही शब्दात नाही, स्पेसही नाही. मग तिथे हद्दच नाही. परिणाम असा की अख्खा शब्द म्हणून "पाणी" शोधलं तर समोर ढळढळीत "पाणी" लिहिलेलं असूनही सापडत नाही. आणि "पाण" हा अख्खा शब्द म्हणून शोधला तर "पाणी" मध्ये सापडतो! ज्यांनी आपल्या टूलमध्ये असा ऑप्शन दिलाय त्यांनी आज घरी जाऊन मराठीत एकदा तपासा. पायथॉनसाठी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, ते मात्रांना शब्दात धरतं. पण माझ्या बहिणीने अख्ख्या शब्दाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं, मग कशाला?

आता "ॲक्ट". वाचणाऱ्यांनी बघा: ॲक्ट आणि अॅक्ट. दिसायला एकच, किंवा जवळपास. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलेलं. दुसऱ्यात अ आणि वर चंद्र, असे दोन तुकडे. काही कीबोर्ड तर मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह पण टाकतात. तसंच "अधिकाऱ्यांची" मधला तो अर्धा र. नव्या पद्धतीत ऱ हे अक्षर आणि हलन्त. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त, आणि पुन्हा तेच अदृश्य चिन्ह. छापलं तर एकसारखं. युनिकोडची नॉर्मलायझेशन म्हणून एक पद्धत आहे, वेगवेगळ्या रूपांना एका रूपात आणणारी, पण ती या दोन्ही जोड्यांना हात लावत नाही. हाताने छोटी बदलयादी करावी लागली. वीसेक ओळींची असेल.

मला एका श्रोत्या मित्राने सुचवलं होतं, यासाठी ऑप्शन दे ना, "अक्षरं सैल ठेव" असा काहीतरी. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. जो फरक डोळ्याला दिसतच नाही तो माणूस ऑप्शनने कसा निवडणार? त्याला माहीतच नाही की असा फरक आहे. असे फरक टूलने गुपचूप मिटवायचे, दोन्ही बाजूंनी, शोधात आणि नोटमध्ये. आकड्यांचंही तसंच केलं. ७६ कुठल्याही लिपीत लिहा, एकच. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतं, पण नोट्समध्ये अधूनमधून इंग्रजी शब्द असतात, तिथेही भेद करत नाही.

डोळ्याला दिसणारा फरक वेगळा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. ऱ्हस्व-दीर्घ सरसकट मिटवलं तर काही ठिकाणी अर्थ मिटतो. पण तिचा प्रश्न तर खरा होता. तिचं अर्धं साहित्य हिंदी पीडीएफमधून उतरवलेलं आहे, तिथे "नियुक्ति" ऱ्हस्व, मराठीत "नियुक्ती" दीर्घ. यावर तीन रात्री विचार केला. शेवटी असं ठरवलं: आधी जसं लिहिलंय तसं शोधायचं. एकही ओळ मिळाली नाही तरच ऱ्हस्व-दीर्घ सोडून पुन्हा बघायचं, आणि तसं स्पष्ट सांगायचं. पडद्यावर येतं, "जसं लिहिलं तसं नाही सापडलं. ऱ्हस्व-दीर्घ सोडून पाहिलं तर तीन ठिकाणी आहे." हे गुपचूप करायचं नाही. कारण इथे टूल अंदाज करतंय, आणि अंदाज केला की सांगायला हवं. नियुक्ती की नेमणूक, हा प्रश्न मात्र मी सोडून दिला. समानार्थी शब्दांच्या वाटेला गेलो असतो तर हे टूल तिच्या परीक्षेनंतर तयार झालं असतं.

"गेल्या आठवड्यात लिहिलेलं" हा प्रश्नही वगळला, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण मागणी रास्त होती. फाइंडमध्ये यासाठी हायफन एमटाईम आहे. त्याचे आकडे चोवीस तासांच्या पूर्ण पट्टीत मोजले जातात, त्यामुळे अधिक एक म्हटलं तर प्रत्यक्षात किमान दोन दिवस जुन्या फाईल येतात. हे सुधारता आलं असतं, "सोमवारपासून" असं लिहायची सोय करता आली असती. खरी अडचण फाईलच्या तारखेची. तिने मध्यंतरी फोन बदलला, फाईल कॉपी झाल्या, आणि चारशे नोट्सची तारीख एकाच दिवसाची झाली. टूलने "गेल्या आठवड्यातलं" म्हणून जे दाखवलं असतं ते धादांत खोटं असतं. आता ती फाईलच्या नावात तारीख लिहायला लागलीय. सहा महिन्यांनी बघू.

शून्य आलं तर काय सांगायचं, यावर थोडं. ग्रेप काहीच सांगत नाही. गप्प बसते. आतल्या आत एक आकडा परत देते: सापडलं तर शून्य, नाही सापडलं तर एक, काही बिघडलं तर दोन. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते छान आहे, आणि आम्हीही तेच आकडे ठेवलेत. पण माणसाला गप्प टूल कसं कळणार? रिपग्रेप तर मुद्दामच काही फाईल बघत नाही. लपवलेल्या फाईल, आणि गिटइग्नोरमध्ये ज्यांची नावं आहेत त्या सोडून देतं. प्रोग्रामरसाठी उत्तम. व्हीएस कोडमधला सर्च आतून रिपग्रेपच वापरतो, त्यामुळे "फाईल समोर आहे पण सर्चमध्ये येत नाही" हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतला असेल. हायफन यू दिलं की गिटइग्नोरचं ऐकणं थांबतं, दोनदा यू दिलं की लपवलेल्या फाईलही येतात, तीनदा दिलं की बायनरी फाईलसुद्धा. एकच अक्षर वाढवत जायचं, ही कल्पना मला मस्त वाटते. फक्त ती आधी माहीत हवी.

आमच्या टूलमध्ये शून्य आलं की एक ओळ येते: किती फाईल पाहिल्या, किती वाचता आल्या नाहीत. "चारशे बारा नोट्स पाहिल्या, दोन उघडल्या नाहीत." ती ओळ एररच्या वाटेने जाते, म्हणजे कुणी निकाल दुसऱ्या कमांडला जोडला तर मध्ये कचरा येत नाही. पहिल्याच दिवशी या ओळीने काम केलं. "शून्य नोट्स पाहिल्या" असं आलं, म्हणजे फोल्डरचा पत्ताच चुकीचा लिहिला गेला होता. नुसतं गप्प बसलं असतं तर पुन्हा नोट उडाल्याचा फोन आला असता.

आता ऑप्शनच्या नावांबद्दल. एकाच अक्षराचे अर्थ टूलगणिक बदलतात. ग्रेपमध्ये हायफन व्ही म्हणजे उलटं, शब्द नसलेल्या ओळी दाखव. इतर बऱ्याच ठिकाणी व्ही म्हणजे आवृत्ती नाहीतर जास्त तपशील. ग्रेपमध्ये हायफन आर म्हणजे फोल्डरच्या आतपर्यंत जा. रिपग्रेपमध्ये हायफन आर म्हणजे सापडलेल्या जागी दुसरा मजकूर घालून दाखव! हायफन एचला बऱ्याच टूलमध्ये मदत मिळते, ग्रेपमध्ये फाईलचं नाव गायब होतं. तुमचं टूल शोधणारं असेल तर ग्रेपने जे अक्षर ज्या अर्थी वापरलंय त्याचा दुसरा अर्थ करू नका. नसेल द्यायचा तो ऑप्शन तर ते अक्षर रिकामं ठेवा.

आणि एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही, हे धरूनच चाला. ईग्रेप आणि एफग्रेप या दोन जुन्या कमांड आठवतात? त्यांचं काम ग्रेपला हायफन कॅपिटल ई आणि कॅपिटल एफ देऊन होतं. वर्षानुवर्षं "या जुन्या झाल्या, वापरू नका" असं लिहून ठेवलं होतं. २०२२ मध्ये ग्नू ग्रेपच्या ३.८ आवृत्तीने या कमांड चालवल्यावर नुसती इशाऱ्याची ओळ छापायला सुरुवात केली, कमांड बंदही केल्या नाहीत, तरी लोकांच्या जुन्या स्क्रिप्टमधून ते इशारे दिसायला लागले आणि आरडाओरडा झाला. आपलं टूल एकाच माणसासाठी आहे हे खरं. पण त्या माणसाच्या बोटांना सवय लागते, आणि ती बोटं परीक्षेच्या आदल्या रात्री विचार करत नाहीत.

फोनसाठी आणखी एक. ती मराठीत शब्द टाईप करते, आणि मध्येच इंग्रजी अक्षराचा ऑप्शन द्यायचा म्हणजे कीबोर्ड बदला, एक अक्षर टाका, परत बदला. चालत्या बसमध्ये करून बघा. म्हणून कमांडचं नावच "शोध", देवनागरीत. ऑप्शनही देवनागरीत. यात तांत्रिक अडचण काही नाही, युटीएफ-८ मध्ये फाईलला आणि ऑप्शनला मराठी नाव चालतं. हायफन टर्मक्सच्या खालच्या जादा बटणांच्या पट्टीत असतोच. ग्रेपवाल्यांसाठी हायफन एल तेवढं ठेवलंय, फक्त फाईलची नावं दाखवणारं.

रंगाबद्दल एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, देऊन टाकतो. सापडलेला तुकडा रंगवून दाखवणं छान वाटतं, पण "पाण" शोधलं आणि "पाण्याचे" मधलं तेवढंच रंगवलं तर रंगाची खूण ण आणि हलन्त यांच्या मध्ये पडते, आणि जोडाक्षर फुटतं. बऱ्याच टर्मिनलमध्ये देवनागरी आधीच कशीबशी जोडली जाते. तेव्हा अख्खा शब्द रंगवा, ऑप्शन न देता.

तर टूलमध्ये आता चार ऑप्शन उरलेत. मदतीचा मजकूर वाचून दाखवतो, फोनच्या पडद्यावर वर-खाली न सरकवता मावतो एवढाच आहे. "शोध, आणि पुढे हवे ते शब्द. सगळे शब्द असलेल्या नोट्स दाखवतो. हायफन हायफन तंतोतंत: अक्षरं, आकडे, ऱ्हस्व-दीर्घ जसंच्या तसं. हायफन हायफन फाईल: फक्त नोटचं नाव. हायफन हायफन कुठे: दुसऱ्या फोल्डरमध्ये. हायफन हायफन पॅटर्न: रेग्युलर एक्स्प्रेशन." शेवटचा तिने अजून एकदाही वापरलेला नाही. तो मी माझ्यासाठी ठेवलाय.

पुढच्या भागात हेच टूल नवीन फोनवर एका ओळीत कसं बसवायचं ते बघू. तोवर तुमच्या घरातल्या कुणाचे तरी आठवडाभराचे प्रश्न गोळा करा आणि मला पाठवा. भेटू.